सातवे कलम

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, शुक्रवार पेठ
रविवार, ता. ४ नोव्हेंबर १९३४

चि. कमलम्मा हीस,

टोपली काल सायंकाळी साडेपाच वाजता पोहोचली. तुझे यजमान नरसय्या यांनी ती पायरीवर ठेवली आणि ते रस्त्यावरच उभे राहिले. मी त्यांना आत बोलावले नाही, त्यांनीही तशी अपेक्षा दाखवली नाही. या बाबतीत त्यांची समज तुझ्यापेक्षा बरी आहे. तुझी प्रकृती कशी आहे हे मी विचारले. 'खोकला कमी, ताप तसाच' एवढे सांगून ते मिरजेची गाडी गाठण्यासाठी निघून गेले. तू आहेस त्या आरोग्यधामाजवळ एका मागवाल्याकडे त्यांना विणकाम मिळाले आणि म्हणून तुमचे बिऱ्हाड बंद झाले, हे तुझ्या चिठ्ठीवरून समजले.

चार वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. ते बिघडले आहे. तापात लिहिले असे धरून मी त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मांजर ठेवून घेण्याचे मी मान्य केले ते का, हे तू विचारू नयेस आणि मी सांगू नये. परंतु मान्य केलेली गोष्ट मी अर्धवट करत नाही. तुझ्या चिठ्ठीत सात कलमे आहेत. मांजराला लहानपणापासून आकडी येते. औषध म्हणून ब्रोमाइडचे पाणी, सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री आठ या वेळांना, चमचाभर, दुधातून. वेळ चुकवू नये. आकडी आली असता तिला धरू नये, तोंडात बोट घालू नये, फक्त आजूबाजूची भांडी दूर करावीत. परसात आड असल्यामुळे तिला एकटी सोडू नये. तिच्यासमोर मोठा आवाज करू नये. रोज थोडे ऊन द्यावे. ही सहा कलमे अक्षरशः पाळली जातील. मी ती स्वच्छ लिहून मागच्या खोलीच्या भिंतीवर लावली आहेत.

सातव्या कलमात तू एक दिवसाआड कलेजीचा तुकडा घालण्यास लिहिले आहेस. ते कोणत्या घरात पाळले जात होते हे मला ठाऊक आहे, आणि कोणत्या घरात पाळले जाणार नाही हे तुला. भिंतीवरच्या कागदावर ते नाही.

आता मुदतीविषयी. धारवाडच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात माझी नेमणूक झाली आहे. १ जूनला रुजू व्हायचे. आप्पा तेव्हा अक्कलकोटला आत्याकडे राहतील असे ठरले आहे. सोलापुरात बारा वर्षे मी पाटीवरची तीच बाराखडी पुसते आहे. ही जागा मी हातची जाऊ देणार नाही. तेव्हा ३१ मेपर्यंत मांजर येथे राहील. त्यानंतर ते तुझे तू न्यावेस, ज्या स्थितीत आले त्याच स्थितीत मी परत करीन.

आप्पांनी विचारले, मांजर कुणाचे. मी म्हटले, शाळेतल्या एका मुलीचे. हे असत्य नव्हे. तू माझ्या शाळेत होतीस.

शांतम्मा


रविवार, ता. ९ डिसेंबर १९३४

चि. कमलम्मा हीस,

तुझे कार्ड मिळाले. 'चिट्टी काय करते' या मांजराविषयीच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देते.

पहिले तीन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही. दूधभात, त्यावर चमचाभर तूप. असे अन्न या गावात पुष्कळ मुलांना मिळत नाही. तिने ताटली हुंगली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मीही ताटली उचलली नाही. चौथ्या दिवशी खाल्ले. शिस्त कोणालाही लावता येते, एवढेच मला यातून दिसले.

भांडी घासायला सांगोल्याकडची एक धनगरीण ठेवली आहे, मायाक्का म्हणून. तू गेल्यानंतर आली, तुला माहीत नाही. हाताची स्वच्छ, तोंडाची मोकळी. तिने ते तीन दिवस पाहिले आणि मला म्हणाली, "बाई, मांजर हाय ती, जंगम न्हाय. दूधभातावर किती दिस काढंल?"

मी म्हटले, "सवय होईल."

"तुमाला व्हईल की. तिला कशी व्हईल? मी येताना कलेजीचा तुकडा आणते, परसात घालते. आप्पास्नी वास बी यायचा न्हाय."

"या घरात जे उघडपणे करता येत नाही, ते चोरूनही केले जाणार नाही."

"मग लिंग तरी बांधा तिच्या गळ्यात," असे म्हणून ती भांडी घेऊन आडावर गेली. मी तिला कामावरून काढले नाही, कारण तिच्याइतकी पितळ लखलखीत करणारी दुसरी मिळणार नाही.

आकडी मी प्रथम पाहिली ती १५ नोव्हेंबरला. तू लिहिले होतेस तरी माझी कल्पना वेगळी होती. ती उन्हात बसली होती. एकाएकी मान मागे ओढली गेली, चारही पाय ताठ झाले, आणि मग सबंध अंग कोणी आतून हलवावे तसे हलू लागले. मी घड्याळ धरून बसले. दोन मिनिटे, दहा सेकंद. नंतर ती उठली, मला ओळखले नाही, आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन आली. तू तेव्हा काय करतेस हे चिठ्ठीत नाही. मी तिथेच बसून राहिले.

तेव्हापासून मी तक्ता केला आहे: दिनांक, वेळ, कालावधी, आधीचे अन्न. नोव्हेंबरात दोन आकड्या. तुझ्या सांगण्याप्रमाणे महिन्याला दोनच होत होत्या, म्हणजे माझ्याकडून काही कमी पडलेले नाही.

माझे मात्र असे झाले आहे. दुपारी दोनच्या औषधासाठी मधल्या सुट्टीत मी शाळेतून घरी येते आणि पुन्हा जाते. शाळेतल्या बायका खिडकीतून पाहतात. रात्री आठच्या आत घरी असावे लागते. नाताळच्या सुट्टीत पुण्याला शिक्षण परिषदेत मी निबंध वाचणार होते, तो आता दुसऱ्याच्या हाती वाचायला पाठवला आहे. ती परसात जाऊ नये म्हणून खिडकीच्या गजाला मऊ दोरी बांधली आहे. तिचे दुसरे टोक दिसत नाही, पण ते माझ्या पायात आहे.

शांतम्मा


रविवार, ता. २० जानेवारी १९३५

चि. कमलम्मा हीस,

सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली. मी नंदीध्वज पाहायला गेले नाही. दारूकामाच्या आवाजाने मांजराला काही होईल म्हणून मागच्या खोलीची दारे लावून, फटींत चिंध्या कोंबून बसले. आप्पा मिरवणुकीहून आले आणि म्हणाले, "शाळेतल्या मुलीचं मांजर एवढं?" मी फटींतल्या चिंध्या काढू लागले.

मला तुला एक गोष्ट स्पष्ट विचारायची आहे. महिन्याला दोन आकड्या ही तुझी नोंद बरोबर होती काय? डिसेंबरात चार झाल्या, जानेवारीत आजपर्यंत पाच. त्यातली एक चार मिनिटांची. औषधाची वेळ एकदाही चुकलेली नाही, तक्ता पाठवते आहे, तू स्वतः पाहा. तेव्हा एकतर तू मोजण्यात हयगय केलीस, किंवा मी मांजर ठेवून घ्यावे म्हणून आकडा कमी सांगितलास. दोन्ही तुझ्या स्वभावात बसते. लहानपणी गणिताच्या वहीत तू शेवटचे उत्तर आधी लिहून मधल्या पायऱ्या जुळवत असस.

तिचे एक गैरवर्तन कळवणे भाग आहे. गेल्या मंगळवारी खोलीत उंदीर शिरला आणि दोरीच्या टप्प्यात आला. तिने तो धरला. मी चिमट्याने तो तिच्या तोंडातून काढला आणि बाहेर टाकला. तिने मला ओरबाडले नाही, याची मी नोंद घेतली आहे. त्यानंतर दोरी हातभर आखूड केली.

तू विचारतेस, 'तिला कलेजी मिळते ना, अक्का?' तिच्या आहारात कोणतीही हेळसांड नाही. दूध गाईचे, भात आंबेमोहोराचा, तूप घरचे.

मे महिन्याची व्यवस्था नरसय्यांनी आतापासून करावी. मला धारवाडहून खोलीविषयी पत्र आले आहे. खिडकी पूर्वेला आहे असे लिहितात. मी ते पत्र रोज वाचते असे नाही, पण ते टेबलावरच आहे.

शांतम्मा


रविवार, ता. १७ मार्च १९३५

चि. कमलम्मा हीस,

पत्रास उशीर झाला. परीक्षा होत्या.

मांजर जिवंत आहे. फेब्रुवारीत आकड्या नऊ. या महिन्यात ती चालताना दाराच्या चौकटीला धडकू लागली. प्रथम मला वाटले औषधाची गुंगी. मग एके दिवशी दुधाची वाटी हातभर बाजूला ठेवली, तर ती जुन्याच जागी जाऊन जमीन चाटू लागली. गुरांच्या दवाखान्यात मांजर पाहत नाहीत. म्हणून विजापूर वेशीजवळ इमामसाहेब सलोत्री म्हणून आहेत, पूर्वी रिसाल्यात घोड्यांवर औषधोपचार करीत, त्यांना घरी बोलावले. त्यांनी तिच्या डोळ्यांपुढे जळती काडी फिरवली. त्यांनी पथ्यात बदल सुचवला आहे.

ते अधिक काय म्हणाले हे मी तूर्त लिहीत नाही. तुझ्या मनाला धक्का बसेल असे काही कळवू नये, असा तेथील डॉक्टरांचा निरोप नरसय्यांनी धाडला आहे. ती सूचना मी पाळते.

शांतम्मा


गुरुवार, ता. ११ एप्रिल १९३५

कमळ,

तुझे कार्ड आज सकाळच्या डाकेने आले. 'अक्का, तू सूचना पाळतेस म्हणून लिहिलेस की मला भीती वाटते. चिट्टी मेली असेल तर तसे सांग. मी इथे रोज कोणाला तरी मेलेले पाहते.' मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि लिहायला बसले.

ती मेलेली नाही. ती आंधळी झाली आहे. ती माझ्यामुळे आंधळी झाली.

इमामसाहेब आले तेव्हाचे बोलणे मी तुला जसेच्या तसे देते. त्यातला माझा भाग मला गाळता आला असता. त्यांनी काडी विझवली आणि विचारले, "क्या खाती?"

मी आहार सांगितला. तांदळाची जातही सांगितली.

"कब से?"

"सव्वाचार महिने."

"और गोश्त?"

"आमच्या घरात ते चालत नाही."

"घर का नै पूछा बाईसाब. बिल्ली का पूछा."

मी म्हटले, मी औषधाची एकही वेळ चुकवलेली नाही. तक्ता दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा धरला आहे हे माझ्या लक्षात आले आणि त्यांच्याही, आणि त्यांनी तो तसाच परत दिला. म्हणाले, "लिख्या बहुत अच्छा होएंगा. मैं घोड़े का आदमी. मगर रिसाले में एक साब की मेम थी, उसने दो बिल्ल्यां को दूध-रोटी पे रखी. दोनों की आंखां गयी. गोश्त नै तो बिल्ली की आंख नै, ये हम सईस लोगां को भी मालूम है."

मी विचारले, परत येईल का. "गयी सो गयी. झटके कम होएंगे, आज से कलेजी मिली तो. नै मिली तो..." आणि त्यांनी तळहात पालथा केला.

हे मार्चच्या अकरा तारखेला. सतरा तारखेला मी तुला 'पथ्यात बदल सुचवला' असे लिहिले. मधल्या सहा दिवसांत, आणि त्यानंतरही आठ दिवस, मी बदल केलेला नव्हता. हे मी तुला सांगते कारण ते कोणालाच माहीत नाही. मी पुस्तके पाहिली. शाळेच्या कपाटातला प्राणिशास्त्राचा ग्रंथ काढला. त्यात मांजराच्या दातांचे चित्र आहे, ते मी मुलींना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. 'मांसभक्षक' हा शब्द त्याच्याखाली मी स्वतः लिहिते. बारा वर्षे लिहिते आहे.

चोवीस तारखेला तिला एका दिवसात तीन आकड्या आल्या. तिसऱ्या वेळी ती उठली नाही, फक्त डोके हलवत राहिली, जणू समोर काही आहे ते तिला दिसत नाही आणि ऐकू येते आहे. मायाक्का दारात उभी होती. मी तिच्याकडे न पाहता म्हटले, "उद्या आण."

"काय आणू?"

ती मला म्हणायला लावणार, हे मला कळले. मी म्हटले, "कलेजी."

"आता सांगताव व्हय," ती म्हणाली. एवढेच. मला वाटले होते ती हसेल.

दुसऱ्या दिवशी तिने पळसाच्या पानात बांधून आणली, परसातल्या दाराने. सरकी साठवायची ती खोली तुला आठवत असेल. मांजराला मी तेथे नेऊन बसवले होते. मी मायाक्काला म्हटले, तू घाल. ती म्हणाली, "घातली असती की. पर तिला दिसत न्हाय आता. तिला तुमचाच हात ठावं हाय. माझ्या हातचं तिनं टाकलं तर पुना कवा आणायचं?"

कमळ, माझ्या हातांनी ते कधी धरलेले नव्हते. ते गार होते आणि अपेक्षेपेक्षा जड. गळ्यातले लिंग पदराखाली होते. ते अशा वेळी काढून ठेवता येत नाही, हे तुला माहीत आहे, आणि मी काढून ठेवले नाही. मी तुकडा दोन बोटांत धरला. तिने नाक पुढे केले. मग तिने इतक्या घाईने खाल्ले की मला तिची भूक समजली, साडेचार महिन्यांची, दिवसाला तीन वेळा ताटलीत दूधभात वाढत असतानाची. खाऊन झाल्यावर ती माझी बोटे चाटत राहिली. मी ती मागे घेतली नाही.

आणि तो उंदीर. तो तिने स्वतःसाठी शोधला होता आणि मी चिमट्याने तिच्या तोंडातून काढला, आणि तुला ते गैरवर्तन म्हणून कळवले. तक्त्यात मी 'आधीचे अन्न' असा रकाना केला होता. त्या दिवशीच्या रकान्यात मी 'नाही' लिहिले आहे.

तुझी नोंद बरोबर होती. महिन्याला दोन.

आता एक दिवसाआड कलेजी चालू आहे. मार्चच्या अखेरपासून आकड्या तीन. तेवढे इमामसाहेबांचे बोलणे खरे ठरले आहे. डोळ्यांबाबतचेही.

तुला यातून ताप चढला तर तो दोषही माझ्याकडे लिही. परंतु तू विचारलेस.

अक्का


रविवार, ता. २६ मे १९३५

कमळ,

तुझे उत्तर एका ओळीचे होते: 'चिट्टीला जूनच्या पहिल्या तारखेस नरसय्यांबरोबर पाठवून दे.' त्या ओळीत राग नाही, क्षमा नाही, आणि मला दुरुस्त करता येईल असे काही नाही. ती मी पुष्कळ वेळा वाचली. तिचे पालन करणे मला शक्य नाही, आणि का ते सांगते.

मांजराला कुर्डुवाडीला गाडी बदलून मिरजेपर्यंत न्यायचे, म्हणून मी आधी परीक्षा घ्यायचे ठरवले. गेल्या रविवारी तिला त्याच टोपलीत ठेवून टांग्याने स्टेशनावर निघाले. आपल्या पेठेच्या बाहेर पडेपर्यंत ती थरथरत होती. टांगेवाल्याने घोड्याला हाक दिली आणि तिला आकडी आली. अकरा मिनिटे. टांगा रस्त्याच्या कडेला घेऊन मी टोपलीवर वाकून बसले. माझ्या दोन विद्यार्थिनी समोरून आल्या, त्यांनी नमस्कार केला आणि मी केला नाही. परत आल्यावर खोलीत सोडली तर ती चार पावले चालली, वळली, तीन पावले चालली आणि वाटीपाशी पोहोचली. तिला तेवढे एक घर पाठ आहे. दुसरे ती आता शिकणार नाही. मिरजेला नव्हे आणि धारवाडलाही नव्हे. एका दिवसाची गाडीही तिला सोसणार नाही.

तेव्हा मी धारवाडला काल नकार कळवला. कारण 'घरगुती' असे लिहिले. तार करायची होती, पण तारेत तेवढा खुलासा बसत नाही, म्हणून पत्र. माझ्या जागी ते जिला घेतील तिला स्वच्छ लिहिता येत असावे, एवढीच इच्छा.

आता आप्पांविषयी. कलेजी दिल्यावर मी आडावर स्नान करून मगच घरात जात असे. एप्रिलच्या अखेरीस त्यांनी विचारले, "दिवसातून दोनदा केस ओले कशासाठी?" तोपर्यंत मी त्यांना फसवण्यासाठी वाक्ये तयार ठेवली होती. तयार होती आणि तोंडातून आली नाहीत. मी सगळे सांगितले, तुला लिहिले त्याच क्रमाने.

ते पूजेच्या पाटावर होते. त्यांनी विभूतीची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "मांजर कुणाचं?"

"कमळचं."

"सहा महिने तू माझ्याशी खोटं बोललीस."

"होय."

"मी तुला शिकवली ती याच्यासाठी?"

याला मजजवळ उत्तर होते, पण ते उद्धट झाले असते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचे अन्न घेणे सोडले. आत्याला बोलावू का म्हटले तर नको म्हणाले. सत्तरीच्या माणसाने चुलीपुढे बसून स्वतः भाकरी थापायची आणि मी दारात उभे राहून पाहायचे, असे नऊ दिवस चालले. त्यांची भाकरी तव्यावर टाकताना मोडते. मोडलेली खातात. मी सुचवले की पीठ गरम पाण्यात मळावे, ते म्हणाले, "ते तुझ्या मांजराला शिकव."

त्यानंतर मी सामान हलवले. सरकीच्या खोलीत माझी खाट, पुस्तके आणि चिट्टी. घरात मी सकाळी झाडलोट करायला जाते, चुलीला हात लावत नाही. शाळेतून दोन वाजता थेट परसात येते. खोली आठ हात लांब, सहा हात रुंद. तिला पाठ व्हावी म्हणून मी खाट एकदा जिथे ठेवली तिथून हलवलेली नाही, त्यामुळे मलाही आता ती डोळे मिटून चालता येते. दुपारी पत्रा असा तापतो की बसवत नाही. पण कलेजी येथे उघड्यावर येते. मायाक्का पान सोडते आणि मला विचारते, "आज तुमी देताव का मी देऊ?" चिट्टी तिच्या हातचेही खाते आता. ते मला प्रथम आवडले नाही.

मी तिथे राहायला गेल्याच्या दहाव्या दिवशी आप्पा परसातल्या दारापर्यंत आले. उंबऱ्याच्या आत उभे राहून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पत्रा तापतो. वर उसाचं पाचट टाकून घे. गाडीवाल्या गुरप्पाला सांगितलंय, गाडीभर आणून देईल."

मला वाटले हीच वेळ. मी म्हटले, "आप्पा, कमळला दवाखान्यातून जूनमध्ये सोडणार. मोकळ्या हवेत राहा म्हणतात. मी तिला बोलावते आहे."

ते म्हणाले, "घर माझं आहे."

मला वाटले संपले. ते वळले, दोन पावले गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, "परस मी बघायला येत नाही."

त्यांच्या तोंडून याहून अधिक निघणार नाही आणि याहून अधिक मी मागणार नाही. आणखी एक गोष्ट मात्र तुला कळली पाहिजे, कारण तू येशील किंवा न येशील ते खोट्या आधारावर असू नये. चार वर्षांपूर्वी, नरसय्यांशी लग्न केलेस म्हणून, तुला घर बंद झाल्याचे ते चार पानी पत्र आले, ते आप्पांनी सांगितले आणि मी लिहून घेतले असे तू समजतेस. आप्पा कन्नडात एवढेच म्हणाले होते: 'तिला म्हणावं, येऊ नको.' त्या वेळी त्यांचा आवाज फुटला होता. उरलेली पावणेचार पाने माझी. कुळाच्या अब्रूविषयीचे, तुझ्या शिक्षणाच्या अपव्ययाविषयीचे, तुझे नाव या घरात पुन्हा उच्चारले जाणार नाही हे, सगळे माझे. मी ते तीनदा पुन्हा लिहून सुबक केले. आप्पांनी सही केली तेव्हा वाचलेही नाही. त्यांना माझ्या मराठीवर विश्वास होता.

हे वाचून तुला यावेसे वाटले नाही तर ते मी समजेन. चिट्टीची व्यवस्था त्यामुळे बदलणार नाही. ती सात-आठ वर्षांची आहे असे इमामसाहेब म्हणतात, आणखी तितकीच जगेल. मी तेवढी वर्षे मोजली आहेत. मला ती थोडी वाटत नाहीत.

यायचे ठरवलेस तर एवढे ध्यानात ठेव. पुढच्या दाराला येऊ नये. आप्पांना 'बघितले नाही' असे म्हणता आले पाहिजे. परसाला बोळातून दार आहे, लिंबाच्या झाडाला लागून. दुसरी खाट मी उत्तरेच्या भिंतीला लावली आहे, तिथे वारा येतो. नरसय्यांना झोपायला अंगण पुरेल असे मायाक्का म्हणते. पावसाळ्याचे तेव्हा पाहू. आत येताना पाय घासत ये, म्हणजे तिला कोणी आले हे कळेल. ती प्रथम दूर होईल. तुला ओळखील की नाही हे मी सांगू शकत नाही.

दार कोणत्याही वेळी ढकललेस तरी उघडेल. आतून कडी लावायची गरज आता उरलेली नाही; आत आहोत त्या दोघींपैकी कोणीच बाहेर जाणार नाही.

शांतम्मा